दूरान्वय आणि वेबपृष्ठाची मांडणी : घटकांच्या स्थानांतराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या वेब-अनुप्रयोगात नोंदींची यादी पडद्यावर दिसत असते. यादीतील प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘काढून टाका’ असे बटण असते. ते दाबताच मागील मजकूर अंधुक होतो, पडद्याच्या मध्यभागी एक संवादपेटी उघडते आणि ही नोंद खरोखरच काढावयाची काय, असा प्रश्न विचारला जातो. ही पेटी कोणाची, असे विचारल्यास त्याचे उत्तर दोन प्रकारांनी देता येते. अर्थाच्या दृष्टीने ती त्या एका ओळीची आहे. कोणती नोंद काढावयाची हे त्या ओळीलाच ठाऊक असते आणि ओळ नाहीशी झाली तर पेटीलाही प्रयोजन उरत नाही. दिसण्याच्या दृष्टीने मात्र ती त्या ओळीत नाही आणि यादीतही नाही. ती सर्व मजकुराच्या वर, स्वतंत्र अशी उभी आहे.

संबंध एका ठिकाणी आणि दर्शन दुसऱ्या ठिकाणी, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. जुन्या आर्या शिकविताना शिक्षक प्रथम अन्वय लावून घेत असत. विशेषण पहिल्या चरणात आणि विशेष्य चौथ्या चरणात असेल तर त्या रचनेस दूरान्वय म्हणत आणि तो दोष मानीत. तर्कसंग्रहकारांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशी तीन कारणे सांगितली आहेत. परस्परांची अपेक्षा असलेली पदे एकेका प्रहराच्या अंतराने उच्चारली तर त्यांतून वाक्य उभे राहत नाही, कारण तेथे सन्निधी नाही. युरोपात ल्यूसियें तेनिएर याने रचनात्मक क्रम आणि रेषीय क्रम यांतील भेद वाक्यविचाराच्या पायाशी ठेवला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५९ साली प्रसिद्ध झाला. शब्द ज्या क्रमाने कानावर पडतात तो क्रम वेगळा आणि ते ज्या क्रमाने परस्परांशी बांधलेले असतात तो वेगळा, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय.

वेबपृष्ठाच्या रचनेचा इतिहास या भेदाच्या दृष्टीने पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. वेबच्या मूळ रचनेत संबंध आणि स्थान ही एकच मानली गेली. ती वेगळी असू शकतात ही जाणीव संगणकाच्या क्षेत्रात आधीपासून होती. परंतु वेबवर ती पुन्हा मिळविण्यास जवळजवळ पाव शतक लागले. या काळात जे उपाय योजले गेले त्यांनी सन्निधी मोडली, आणि तिच्याबरोबर आणखी काय मोडले याचा हिशेब पुष्कळ उशिरा मांडला.

२. पूर्वपीठिका : स्वामित्व आणि अंतर्भाव

या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण छापील पुस्तकातील तळटीप हे आहे. टीपेचा संबंध ओळीतील एका शब्दाशी असतो आणि तिचे स्थान पानाच्या तळाशी असते. हे अंतर सांधण्यासाठी एक लहानसा अंक दोन्ही ठिकाणी छापला जातो. स्थान सोडावयाचे असेल तर संबंध दुसऱ्या कशाने तरी सांगावा लागतो, हा नियम येथे मुद्रकांनी कधीच ओळखलेला होता.

खिडक्यांच्या रूपाने काम करणाऱ्या संगणक-प्रणालींनीही तो ओळखला. १९८७ साली आलेल्या एक्स विंडो प्रणालीच्या अकराव्या आवृत्तीत सर्व खिडक्यांचा एक वृक्ष असतो आणि त्याच्या मुळाशी संपूर्ण पडदा असतो. आतील खिडकीचा जो भाग बाहेरील खिडकीच्या कडेपलीकडे जातो तो कापला जातो. यामुळे एखाद्या अरुंद खिडकीतील बटणाने उघडलेली यादी त्या बटणाच्या आत ठेवता येत नाही. ती थेट मुळाची अपत्य करावी लागते. या प्रणालीवर आधारलेल्या एक्स टूलकिटने म्हणून प्रत्येक घटकाच्या अपत्यांच्या दोन याद्या ठेवल्या. एक सामान्य अपत्यांची आणि दुसरी वर उघडणाऱ्या अपत्यांची. दुसऱ्या यादीतील घटक नात्याने त्याच घटकाचे राहतात. परंतु त्यांची खिडकी पडद्याच्या मुळाशी जोडली जाते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत हाच भेद अधिक नेमक्या शब्दांनी व्यक्त झाला. तेथे जनक-खिडकी आणि स्वामी-खिडकी या दोन निराळ्या संज्ञा आहेत. जनकाच्या आतील खिडकी जनकाच्या सीमेत कापली जाते. स्वामीच्या मालकीची खिडकी मात्र कापली जात नाही. ती स्वामीच्या नेहमी वर राहते, स्वामी लहान करून ठेवला असता दिसेनाशी होते आणि स्वामीबरोबरच नष्ट होते. अंतर्भाव म्हणजे स्थान आणि स्वामित्व म्हणजे संबंध, असे हे दोन धागे येथे उघडपणे वेगळे काढलेले दिसतात.

३. वेबचा एकच वृक्ष

वेबपृष्ठाचा जन्म मात्र खिडकीतून झाला नाही. तो लेखातून झाला. टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली सर्न या संस्थेत मांडलेल्या योजनेचा हेतू दस्तऐवज परस्परांशी जोडणे हा होता. दस्तऐवजात परिच्छेद प्रकरणात असतो, शब्द परिच्छेदात असतो, आणि जे ज्याच्या आत असते ते त्याचेच असते. एचटीएमएल या भाषेची रचना याच कल्पनेवर उभी आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या डॉम या प्रतिमानाने दस्तऐवजाचा वृक्ष कार्यक्रमांच्या हाती दिला. त्याच वर्षी मे महिन्यात सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने घटकाला त्याच्या स्वाभाविक जागेवरून हलविण्याची आणि झेड-इंडेक्स या अंकाने एकमेकांवर रचण्याची सोय केली.

या दोन्ही प्रमाणांमुळे एकाच वृक्षावर अनेक भार आले. घटकाचा रंग आणि टंक जनकाकडून वारशाने येतो, तो या वृक्षातून. घटकावर घडलेली टिचकी एकेक पायरी वर चढत पूर्वजांना कळते, ती या वृक्षातून. कळफलकावरील टॅब कळीने पुढे सरकण्याचा क्रमही सामान्यतः याच वृक्षाचा. आणि कोणता घटक कोणत्याच्या वर रंगविला जाईल हेसुद्धा याच वृक्षाने बरेचसे ठरविले.

शेवटच्या भाराने पहिली अडचण उत्पन्न केली. झेड-इंडेक्सचा अंक सर्व पृष्ठासाठी एकच मापन धरीत नाही. विशिष्ट घटक आपल्या अंतर्भागासाठी रचनेचा एक बंदिस्त संदर्भ निर्माण करतात आणि आतील घटकाचा अंक कितीही मोठा असला तरी त्याची स्पर्धा त्या संदर्भाच्या आतच चालते. पुढे अर्धपारदर्शकता आणि रूपांतरण या गुणधर्मांनीही असे संदर्भ निर्माण होऊ लागले. शिवाय ज्या पूर्वजाने आपल्या कडेबाहेरील मजकूर झाकण्याची आज्ञा दिलेली असेल त्याच्या आतील यादी अर्धीच दिसते. ही कोंडी न उमगल्यामुळे अनेक ठिकाणी अंक वाढवीत नेण्याची चढाओढ लागली. ९९९, ९९९९ असे करीत काही जण ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा असलेल्या २१४७४८३६४७ या संख्येपर्यंत पोहोचले. चूक अंकात नव्हती, स्थानात होती. आणि स्थान न बदलता अंक कितीही वाढविला तरी घर न सोडता गावच्या सभेत उभे राहिल्यासारखेच ते होते.

४. पहिला उपाय : स्थलांतर

यावर व्यवहारात एक सरळ उपाय निघाला. घटक वृक्षातील आपल्या जागेवरून उपटावा आणि दस्तऐवजाच्या शेवटी, मूळ ‘बॉडी’ घटकाच्या थेट आत नेऊन लावावा. तेथे त्याला कापणारा पूर्वज नाही आणि कोंडणारा संदर्भही नाही. लोकेश धकार यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली लाइटबॉक्स ही छायाचित्रे मोठी करून दाखविणारी संहिता याच मार्गाने चालते. २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी हे साधन प्रसिद्ध केले आणि २००७ साली त्यावर आधारलेले जेक्वेरी यूआय आले. त्यातील संवादपेटी उघडताना आपला मजकूर जागेवरून काढून बॉडीच्या शेवटी नेऊन ठेवीत असे. पेटी कोठे न्यावी हे सांगण्याची सोय २०१३ सालच्या १.१० आवृत्तीत झाली. ट्विटरमधून २०११ साली बाहेर आलेल्या बूटस्ट्रॅपनेही संवादपेटीचा मजकूर शक्यतो दस्तऐवजाच्या वरच्या पातळीवर लिहावा असा सल्ला दिला.

या उपायाने डोळ्यांचा प्रश्न सुटला. परंतु संबंध सांगणारे काही उरले नाही. तळटिपेचा अंकच पुसून टाकावा आणि टीप तेवढी पानाच्या तळाशी ठेवावी, अशी ही स्थिती होती. संवादपेटीतील टिचकी आता मूळ ओळीला कळेना. अर्जाच्या आत असलेले बटण स्थलांतरानंतर अर्जाबाहेर पडले आणि ते दाबले असता अर्ज पाठविला जाईना. यादीतील ओळ काढून टाकली तरी तिची पेटी दस्तऐवजाच्या शेवटी तशीच राहिली. हे सर्व धागे कार्यक्रमकाराने हाताने बांधावयाचे आणि हातानेच सोडावयाचे, अशी वहिवाट पडली.

नाव घेऊन संबंध सांगण्याची साधने एचटीएमएलमध्ये अगदीच नव्हती असे नाही. १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीत दूर असलेले शीर्षक आणि त्याची रकानापेटी यांना ओळख-नावाने जोडण्याची सोय होती. पुढे पाचव्या आवृत्तीने अर्जाबाहेरील बटणालाही अर्जाचे नाव सांगू दिले. परंतु या सोयी एकेका संबंधापुरत्या होत्या. घटकाचे सर्व नाते एकत्र राखणारी व्यवस्था त्यांत नव्हती.

५. दुसरा वृक्ष

ती व्यवस्था घटकाधिष्ठित साधनांबरोबर आली. मे २०१३ मध्ये फेसबुकने खुले केलेले रिॲक्ट हे त्यांपैकी प्रमुख होय. त्यात कार्यक्रमकार दस्तऐवजाचा वृक्ष स्वतः रचीत नाही. तो घटकांचा एक निराळा वृक्ष लिहितो आणि त्यावरून ब्राउझरमधील वृक्ष तयार केला जातो. अशा रीतीने प्रथमच दोन वृक्ष उपलब्ध झाले. एक घटकांच्या संबंधांचा आणि दुसरा त्यांच्या स्थानांचा. तरीही पहिल्या काही वर्षांत दोन्ही वृक्षांची आकृती एकच असावी अशी सक्ती राहिली. संवादपेटी बाहेर न्यावयाची तर बॉडीच्या शेवटी दुसरे स्वतंत्र मूळ उभारावे लागे, आणि मूळ बदलले की वरून आलेली माहिती तुटत असे. २०१५ सालच्या ०.१४ आवृत्तीत पूर्वजांचा संदर्भ बरोबर नेणारे एक कार्य होते. परंतु त्याच्या नावातच ते अस्थिर असल्याची नोंद केलेली होती.

सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिॲक्टच्या सोळाव्या आवृत्तीने ही सक्ती काढली. तिच्यातील क्रिएटपोर्टल या कार्याला दोन गोष्टी द्यावयाच्या : काय दाखवावयाचे आणि कोठे दाखवावयाचे. घटक संबंधांच्या वृक्षात आपल्या जागी राहतो आणि त्याचे दृश्य रूप दुसऱ्या जागी प्रकट होते. वरून येणारी माहिती त्याला मिळते आणि जनक नाहीसा झाला की तोही नाहीसा होतो. रिॲक्टने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पोर्टलच्या आत घडलेली घटना ब्राउझरच्या वृक्षातील पूर्वजांकडे न चढता घटक-वृक्षातील पूर्वजांकडे चढते, असा तिचा नियम आहे. पेटी बॉडीच्या शेवटी असली तरी तिच्यावरील टिचकी यादीतील ओळीला कळते.

हा नियम सुसंगत आहे. परंतु तो सर्वांना मानवला असे नाही. संपूर्ण ओळच टिचकी मारण्याजोगी असेल तर पेटीतील ‘नको’ हे बटण दाबल्यावरही ओळीवर टिचकी पडल्यासारखे होते आणि नको असलेले पान उघडते. डोळ्यांना पेटी ओळीच्या बाहेर दिसते आणि कार्यक्रम तिला ओळीच्या आत मानतो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीने म्हणून निराळी वाट धरली. तिच्यात घटकाची माहिती आणि घटकाने स्वतः कळविलेल्या घटना संबंधानुसार जातात. ब्राउझरच्या मूळ घटना मात्र स्थानानुसारच चढतात. एकाने आकांक्षेला सर्वत्र प्रमाण मानले आणि दुसऱ्याने आकांक्षेचे व सन्निधीचे अधिकार वाटून दिले, असे या दोहोंचे अंतर सांगता येईल.

६. नावांचा विचार

या साधनांची नावे त्यांच्या कर्त्यांच्या कल्पनेवर प्रकाश टाकतात. एम्बर या साधनाच्या परिवारात या युक्तीला वर्महोल म्हणत. हा शब्द भौतिकीत जॉन व्हीलर यांनी १९५७ साली रूढ केला. अवकाशातील दोन दूरच्या बिंदूंना जोडणारे विवर असा त्याचा अर्थ. २०२० साली ही सोय एम्बरच्या गाभ्यात आली तेव्हा तिचे नाव ‘घटकाच्या आत’ अशा अर्थाचे, अगदी साधे झाले. रिॲक्टने पोर्टल म्हणजे द्वार हा शब्द घेतला. ॲंग्युलरच्या घटक-संचात पोर्टल हा शब्द द्वाराला नसून द्वारातून जाणाऱ्या वस्तूलाच दिलेला आहे आणि ती जेथे प्रकट होते त्या जागेला निराळे नाव आहे. एकच शब्द एका शेजारी मार्गाचा वाचक आणि दुसऱ्या शेजारी प्रवाशाचा वाचक, असा अर्थभेद अल्पकाळात झालेला आढळतो.

व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रचलित असलेल्या बाहेरील साधनाचे नावही पोर्टलच होते. परंतु २०१९ साली क्रोमच्या कर्त्यांनी पोर्टल या नावाचा एक अगदी निराळा एचटीएमएल घटक सुचविला. एक संपूर्ण पृष्ठ दुसऱ्या पृष्ठात दाखवून त्यात प्रवेश करण्यासाठी तो होता. नावांचा गोंधळ टाळावा म्हणून व्ह्यूने आपल्या घटकाचे नाव टेलिपोर्ट असे ठेवले. क्रोमची ती सूचना पुढे सार्वत्रिक झाली नाही. तिच्यामुळे पडलेले नाव मात्र टिकले. हा शब्द चार्ल्स फोर्ट या लेखकाने १९३१ साली घडविलेल्या टेलिपोर्टेशन या शब्दाच्या कुळातील आहे.

व्ह्यूच्या टेलिपोर्टमध्ये वाक्यविचाराच्या अभ्यासकाला एक विशेष आढळेल. घटक दूर गेला तरी त्याच्या मूळ जागी दोन रिकाम्या टीपा, आरंभाची आणि शेवटाची, वृक्षात उरतात. त्या दिसत नाहीत. परंतु येथून काही हलले आहे याची खूण त्या ठेवतात. हललेले पद मूळ जागी आपला मूक अवशेष ठेवते, अशी कल्पना चॉम्स्कीप्रणीत व्याकरणात १९७० नंतरच्या दशकात मांडली गेली. दोन्ही ठिकाणी कल्पना एकमेकांपासून घेतलेली नाही. प्रश्न एकच असल्यामुळे उत्तरही सारखे निघाले आहे.

७. मांडणीतील दूरची जागा

आतापर्यंत वर उघडणाऱ्या पेट्यांचा विचार झाला. स्थानांतराची दुसरी एक गरज आहे आणि ती बहुतेक वेळा पहिलीत मिसळून टाकली जाते. अनुप्रयोगाची मांडणी स्थिर असते : वर शीर्षपट्टी, बाजूला साधनांचा स्तंभ, मध्ये चालू पृष्ठ. चालू पृष्ठ बदलले की शीर्षपट्टीतील बटणेही बदलली पाहिजेत. ‘जतन करा’ हे बटण दिसते शीर्षपट्टीत. परंतु काय जतन करावयाचे ते मधल्या पृष्ठाला ठाऊक असते. येथे कोंडीतून सुटका नको आहे; ठराविक दूरच्या जागी उपस्थिती हवी आहे.

सर्व्हरवर पृष्ठ रचण्याच्या काळात ही गरज सहज भागत असे. जुलै २००५ मध्ये खुल्या झालेल्या जॅंगोच्या साच्यांत नावाचे रिकामे खंड असत आणि आतील साचा ते भरीत असे. नोव्हेंबर २००५ मधील एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रमुख पृष्ठ आणि त्यातील राखीव जागा आल्या. रूबी ऑन रेल्समध्येही मधल्या पृष्ठाने मजकूर नावाने साठवावा आणि मांडणीने तो हव्या त्या जागी मागावा अशी सोय होती. हे सोपे होते, कारण पृष्ठ एकदा मजकूर म्हणून जुळले की संबंधाचे काम संपत असे. छापून झालेल्या पानावर अन्वय आणि स्थान यांत पुन्हा तंटा होत नाही.

ब्राउझरमध्ये पृष्ठ जिवंत असते, म्हणून तेथे संबंधही सतत जिवंत ठेवावा लागतो. पोर्टल आणि टेलिपोर्ट यांचा या कामी चांगला उपयोग होतो. परंतु ज्या जागी जावयाचे ती जागा आधी अस्तित्वात असावी लागते. पृष्ठाचा घटक मांडणीच्या आधी तयार झाला तर त्याला जागा सापडत नाही. व्ह्यूच्या ३.५ या आवृत्तीने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच फेरीत तयार होणाऱ्या जागेसाठी थोडे थांबण्याची सोय दिली, ती याच अडचणीमुळे. सर्व्हरवर पृष्ठ रचताना अडचण अधिक होते. रिॲक्टचे पोर्टल तेथे चालत नाही आणि व्ह्यू स्थानांतरित मजकूर निराळा काढून देते. तो योग्य जागी घालण्याचे काम कार्यक्रमकाराकडे राहते.

८. जे बरोबर गेले नाही

घटकांच्या वृक्षाने माहिती आणि घटना राखल्या. परंतु ब्राउझर तो वृक्ष पाहत नाही. कळफलकाचा क्रम, वारशाने येणारे गुण आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे स्क्रीन रीडर यांना केवळ ब्राउझरचा वृक्ष ठाऊक असतो. ज्याला पडदा दिसतो त्याला मध्यभागी उघडलेली पेटी तत्काळ कळते. जो कानाने वाचतो त्याच्या दृष्टीने पेटी दस्तऐवजाच्या अखेरीस, शेकडो घटकांच्या पलीकडे उघडलेली असते. फोकस तेथे नेला नाही तर बटण दाबूनही काही घडले नाही असे त्याला वाटते. फोकस नेला पण पेटी बंद झाल्यावर परत आणला नाही, तर तो दस्तऐवजाच्या भलत्याच जागी येऊन पडतो. मागील मजकूर डोळ्यांना अंधुक झाला तरी कानाला तो तसाच मोकळा असतो.

यासाठीही नाव घेऊन संबंध सांगण्याचाच उपाय झाला. मार्च २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एरिया या संकेतसंचात दूरच्या घटकाचे स्वामित्व सांगणारे एक विशेषण आहे. विंडोज प्रणालीतील स्वामी या संज्ञेची येथे आठवण होते. डिसेंबर २०१७ मधील पुढील आवृत्तीने पेटी उघडी असता मागील मजकूर वर्ज्य आहे असे सांगण्याची सोय केली. परंतु ही विशेषणे लिहिण्याचे स्मरण कार्यक्रमकारानेच ठेवावयाचे असते. स्थानांतर एका आज्ञेने होते. त्याची भरपाई मात्र अनेक आज्ञांनी, आणि त्याही विसरल्या नाहीत तर.

भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक वारसा यात आहे. पृष्ठाच्या कोणत्या भागाची भाषा कोणती, हे एचटीएमएलमध्ये एका विशेषणाने सांगतात आणि आतील सर्व घटकांना ते पूर्वजांकडून लागू होते. हिंदी पृष्ठात मराठी विभाग असेल आणि त्या विभागावर मराठीची खूण केलेली असेल, तर स्क्रीन रीडर तेथे मराठी आवाज निवडू शकतो. ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श ही अक्षरेही मराठी वळणाची दिसतात. त्याच विभागातील संवादपेटी बॉडीच्या शेवटी नेली की तिचा पूर्वज बदलतो. आता ती हिंदी पृष्ठाची अपत्य होते, तिच्यातील मराठी वाक्य हिंदी आवाजात वाचले जाऊ शकते आणि ल व श आपले वळण बदलतात. लिपी एकच असल्यामुळे पाहणाऱ्याच्या हा दोष सहसा लक्षात येत नाही; ऐकणाऱ्याच्या तो तत्काळ येतो. पेटी ज्या भाषेत बोलत होती ती भाषाच स्थानांतरात मागे राहिली.

९. परतीचा मार्ग

या इतिहासाचे अखेरचे वळण ब्राउझरच्या आत घडले. संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या घटकांसाठी ‘सर्वांत वरचा थर’ अशी एक कल्पना प्रमाणात आली होती. या थरातील घटक इतर सर्व मजकुरानंतर रंगविले जातात. त्यांना पूर्वज कापीत नाही आणि पूर्वजांचे रचना-संदर्भ कोंडीत नाहीत. एचटीएमएलमधील डायलॉग हा घटक याच थराचा उपयोग करतो. तो क्रोममध्ये २०१४ साली आला. फायरफॉक्स आणि सफारी यांनी तो मार्च २०२२ मध्ये स्वीकारला. तो पेटी म्हणून उघडला की मागील मजकूर कळफलक आणि कान या दोहोंना आपोआप वर्ज्य होतो. लहान याद्या आणि सूचना यांसाठी पॉपओव्हर ही सोय क्रोममध्ये मे २०२३, सफारीत सप्टेंबर २०२३ आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये उपलब्ध झाली.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की घटक वृक्षातून हलत नाही. तो ओळीतच राहतो, अर्जातच राहतो, मराठी विभागातच राहतो. फक्त त्याचे रंगविणे वर जाते. टंक, रंग, भाषा हा सारा वारसा त्याला आपल्याच पूर्वजांकडून मिळतो. उघडणारे बटण आणि उघडलेली यादी यांना दृष्टीसही जवळ ठेवण्यासाठी नांगरस्थापनेची सोय क्रोममध्ये मे २०२४ पासून आली. एक्स टूलकिटने १९८७ च्या सुमारास जे ओळखले होते, की वर उघडणारे अपत्य हेही अपत्यच होय, ते वेबच्या मूळ वृक्षाने अशा रीतीने मान्य केले.

याचा अर्थ पोर्टलची आवश्यकता संपली असा नव्हे. सर्वांत वरचा थर सुटका देतो. मांडणीतील विशिष्ट दूरची जागा देत नाही. शीर्षपट्टीत दिसणाऱ्या आणि पृष्ठाच्या मालकीच्या बटणासाठी स्थानांतर अद्यापि करावेच लागते. मात्र दोन गरजा आता वेगळ्या करता येतात. ज्याला केवळ वर यावयाचे आहे त्याने आपले घर सोडण्याचे कारण उरलेले नाही. ज्याला खरोखरच दुसऱ्या घरी जावयाचे आहे त्याच्याबरोबर त्याची भाषा, त्याचा अर्ज, त्याचा फोकस आणि त्याचा स्वामी यांची ओळख पाठविणे हे कर्त्याचे काम राहते.

दूरान्वय हा जुन्या पंडितांनी दोष मानला, तथापि वृत्ताच्या गरजेने तो करावा लागतो हेही त्यांनी जाणले. म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. अन्वय लावण्याची रीत शिकविली. वेबपृष्ठातील दूरान्वयाचा निकषही हाच मानावा लागेल. पडदा पाहणाऱ्याला अन्वय सहज लागतो, त्यामुळे त्याचे समाधान ही कसोटी पुरेशी नाही. जो पृष्ठ ओळीने, एकामागून एक पद ऐकत वाचतो, त्यालाही पेटी कोणत्या ओळीची आणि कोणत्या भाषेची हे कळले, तरच स्थानांतर निर्दोष झाले असे म्हणता येईल.